वरकसातली ओल

पावसाळ्यात लोणावळ्याला येणाऱ्या माणसांना मावळ हिरवागार दिसतो. भजी खाऊन, फोटो काढून ती घरी जातात आणि मावळात पाण्याला काय तोटा, असं जन्मभर सांगत राहतात. त्यांना एकदा पौषात आंदर मावळात आणून उभं करावं, असं मला फार वर्षं वाटत आलं आहे. चार महिने धो धो पाऊस पडलेल्या जमिनीत दिवाळीनंतर दोन महिन्यांनी कुदळ मारली तर दगडावर मारल्यासारखा आवाज येतो. निदान आमच्या वरकसात तरी तसा यायचा.

वरकस म्हणजे डोंगराला चिकटलेली उताराची, मुरमाड जमीन. खाली सपाटीला खाचर असतं, त्यात भात होतो. वर वरकसात नाचणी आणि वरई, आणि दुसरं काही होत नाही असं सगळे धरून चालतात. पडलेलं पाणी उतारावरून निघून जातं आणि जाताना मातीही घेऊन जातं.

आमच्या घरात दोन्ही होतं, आणि आम्ही भाऊ दोघे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, वाटणी केली नाही. त्यांनी ठरवून दिलं की तीन वर्षं एकानं खाचर कसायचं आणि दुसऱ्यानं वरकस, मग पाडव्याला अदलाबदल करायची. एकाला कायमचं चांगलं आणि दुसऱ्याला कायमचं वाईट मिळू नये म्हणून. आमच्या गावात आणखीही दोन-तीन घरांत ही रीत आहे. ऐकायला किती न्यायाचं वाटतं. जी जमीन तीन वर्षांनी दुसऱ्याच्या हातात जाणार तिच्यात कोण कशाला जीव ओतेल, हे वडिलांच्या डोक्यात आलं नसावं. किंवा आलं असेल आणि त्यांनी आमच्यावर भरवसा ठेवला असेल. तो त्यांनी ठेवायला नको होता.

वडील गेले तेव्हा पहिली तीन वर्षं वरकस माझ्याकडे आलं. मी तेव्हा तळेगावच्या एका कंपनीत होतो. मोटारसायकलवरून जाता-येता वराळ्याकडची शेतं एकेक करून इमारतींखाली जाताना बघायचो आणि घरी येऊन नाचणीची काडं मोजायचो. तीन वर्षं संपली तशी दादा आला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.

"तुजी शिफ्ट कवा सकाळची, कवा रातची. तुला भात लावाया कुटं जमतंय," तो म्हणाला. "खाचर ऱ्हाऊ दे माज्याकडं."

मी बरं म्हटलं. पुढच्या खेपेला तो विचारायलाही आला नाही. अशी नऊ वर्षं गेली. तो खाचरात, मी वरकसात. मी मोठेपणा दाखवला असं मला नंतर वाटायला लागलं, पण ते खरं नाही. मला तोवर वरकसाचं वेड लागलं होतं.

ते वेड लावलं कृषी खात्याच्या एका मॅडमनी. दुसऱ्या वर्षी त्या गावात आल्या, देवळापुढे बोलल्या, आणि भाताच्या गोष्टी संपल्यावर लोक उठून गेले तरी मी बसून राहिलो. त्यांनी मला तीन बांबू इंग्रजी ए अक्षरासारखे बांधून, मधून दोरीला दगड लोंबकळत ठेवून उताराची समान पातळी कशी शोधायची ते दाखवलं. त्या रेषेवर दगडांचे बांध घालायचे, म्हणजे पाणी धावत नाही, चालतं. कापणी झाल्यावर नांगरायचं नाही, मुळं जमिनीतच कुजू द्यायची. आणि माती कधी उघडी ठेवायची नाही. "उघडी माती म्हणजे झाकण नसलेलं भांडं," असं त्या म्हणाल्या. मला ते इतकं पटलं की लाज वाटली. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या रोपाच्या जागेवर रचून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. राब भाजला नाही तर रोपच येत नाही, अशी सगळ्यांची खात्री. म्हणजे वर्षभराचं झाकण आम्ही स्वतःच्या हातानं जाळत होतो.

मी राब बंद केला. पाला आणि डोंगरावरचं गवत कापून वरकसात पसरू लागलो. ओढ्याच्या डोहातला गाळ मी आणि माझी बायको उन्हाळाभर घमेल्यांनी वर वाहायचो. कापणीनंतर गुरं मोकळी सोडायची गावाची पद्धत, म्हणून भोवती काटेरी झापं लावली, तर लोक म्हणाले की कंपनीवाल्याला गुरांचाही विटाळ झाला. चहाच्या टपरीवर माझ्या गवताला 'मातीची गोधडी' म्हणायचे. मी हसायचो आणि मनात एकेकाला शिव्या घालायचो.

पण माती साचत गेली. बांधांच्या आड पहिल्यांदा बोटभर, मग वीतभर. नाचणी निघाल्यावर चार दिवसांत त्याच ओलीवर हरभरा टाकायचो. पहिल्या वर्षी सुपात मावेल एवढा झाला. सातव्या वर्षी पोतं बायकोला एकटीला हलेना. महाशिवरात्रीच्या सुमारास गवताखालची माती मुठीत दाबली तर तिचा लाडू व्हायचा आणि तसाच राहायचा. वरचा सगळा डोंगर पिवळा पडलेला आणि आमच्या त्या पट्ट्यात हरभऱ्याच्या घाट्यांवर सकाळी दव. मी कामावर जाण्याआधी तिथं जाऊन उगाच मूठ दाबून बघायचो. माझ्या आयुष्यात मी स्वतः केलेली एवढी एकच गोष्ट होती.

आता एक सांगायचं राहिलं आहे, ते सांगणं मला जड जातं. सहाव्या वर्षी चैत्रात दादाची पेंढ्याची उडवी अवकाळी पावसात भिजून आतून काळी पडली. बैलांना घालायला काही राहिलं नाही. दुपारी वहिनी विळा आणि दोरी घेऊन वरकसात आल्या.

"भावजी, चार भारं गवात न्हेऊ का?" त्या म्हणाल्या. "बैलं उभी ऱ्हाईनात."

मी गवत तेव्हा नुकतंच पसरलं होतं. उन्हाळ्याचे दोन महिने पुढे होते. मी म्हणालो, "वहिनी, हे मातीसाठी हाय."

त्यांनी एकदा गवताकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मातीला भूक लागती व्हय?"

मी त्यांना समजावून सांगितलं. अगदी मॅडमसारखं समजावलं. ऊन, ओल, गांडुळं, सगळं. त्या ऐकून घेत होत्या, दोरी हातात गुंडाळत होत्या. मग गेल्या. पंधरा दिवसांनी बैलजोडी चाकणच्या बाजारात गेली आणि दादा त्या दिवसापासून भाड्याच्या ट्रॅक्टरनं नांगरू लागला. तो मला एक शब्द बोलला नाही. माझी बायकोच बोलली. "चार भाऱ्यांनी तुमची माती मेली आसती व्हय?" मी म्हणालो, आज चार, उद्या दहा, एकदा दिलं की संपलं. माझं बरोबरच होतं. बरोबर असण्याची एक नशा असते, आणि मला ती फार चढली होती. आज त्या दुपारची लाज वाटते, पण त्या वेळी वाटली नाही, हेही लिहून ठेवतो.

नवव्या पाडव्याला दादा नारळ घेऊन वरकसात आला. बांधाच्या दगडावर नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "औंदा अदलाबदल."

"आता? नऊ वर्षं कुटं व्हती अदलाबदल?"

"तू कवा मागितलं का खाचर? मागितलं आसतं तर दिलं आसतं. आबांनी सांगितल्यालं हाय, जमीन दोघांची."

नऊ वर्षं मी गप्प बसलो होतो तेव्हा रीत मोडली नव्हती, नुसती झोपली होती. मी त्याला हात जोडून सांगितलं की नांगरू नकोस, राब भाजू नकोस, बांधाला हात लावू नकोस. तो व्हय व्हय म्हणाला. मी खाचरात उतरलो, पण लक्ष सगळं वर.

पहिल्या वर्षी त्यानं ट्रॅक्टर उतारावरून उभा घातला आणि गवताचा ढीग करून त्यावर राब भाजला. धूर खाचरापर्यंत येत होता. बांध शाबूत होते, माती होती, तीन वर्षांतलं एक गेलं होतं. दोन वर्षांत ती मरणार नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

दुसऱ्या वर्षी दिवाळी होऊन आठवडा झाला होता. कंपनीतून येताना वळणावरूनच मला वरकसात पिवळं जेसीबी दिसलं. डंपर भरत होता. मी मोटारसायकल तशीच रस्त्यात टाकून वर पळालो. दादा एका बाजूला दगडावर बसून तंबाखू मळत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता इतका आनंद होता.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. "फुकटात खाचर करून देतोय बघ ठेकेदार. लोणावळ्याकडं बंगल्याला बाग करायचीय, त्याला वरची माती पायजे. माती त्याची, सपाटी आपली. दोन्ही खाचरं झाली म्हंजी अदलाबदलीची कटकटच न्हाई. तुजंबी भलं, माजंबी."

तो चोरी करत नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की तो जमीन सुधारतो आहे. भाताच्या माणसाला जमीन म्हणजे सपाट जमीन, आणि सपाट केली की तिच्यात पाणी उभं राहणारच, ह्यापलीकडे त्याचं डोकं जात नाही. आमच्या गावात कुणाचंच जात नाही.

"माती गेली तर खाचर कशाचं?" मी म्हणालो.

"खालीबी मातीच हाय की."

"मुरूम हाय त्यो, दादा. मुरमात पाणी ऱ्हातं का?"

"चिखलणी केली की मऊ हुतंय."

मी जेसीबीपुढे उभा राहिलो. चालवणाऱ्यानं यंत्र बंद केलं आणि फोन बघत बसला. बांधांचे दगड आधीच कडेला लोटलेले होते, तिथं माझी नऊ वर्षं गोळा होऊन पडली होती. मी दादाला काय काय बोललो ते आठवत नाही. आळशी म्हणालो, अडाणी म्हणालो, मोठ्या भावाला बोलू नये ते सगळं बोललो. तो शांतपणे ऐकत होता. मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाला, "तू लय मातीचं सांगू नगंस. माजी बैलं उपाशी व्हती तवा तुजी माती जेवत व्हती."

मी बाजूला झालो. जेसीबी परत सुरू झालं. दादा उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग अजिबात नव्हता, "परत कर की. तुला येतंय त्ये."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. त्यानं ते कौतुकानं म्हटलं होतं.

डंपर कुठं गेले ते मी शोधून काढलं. एका रविवारी लोणावळ्याच्या पुढे त्या बंगल्यावर गेलो. बंगल्याचे मालक नव्हते. राखणदार होता, आमच्याच तालुक्यातला. मी माळीकाम मिळतंय का बघायला आलो, असं खोटं सांगितलं. आत मोठं हिरवं लॉन होतं. फवारे गोल गोल फिरत होते, भर दुपारी. ज्या मातीला मी पावसाच्या पाण्यावर महाशिवरात्रीपर्यंत ओली ठेवत होतो तिला तिथं दिवसातून दोनदा पाणी घालत होते.

"माती झ्याक हाय," मी राखणदाराला म्हणालो.

"कसली झ्याक," तो म्हणाला. "गांडुळं लय निघत्यात. साहेबांच्या पावन्यांना किळस येती. औशद मारलं तवा कमी झाली."

मी खाली बसून लॉनच्या कडेची माती मुठीत दाबून बघितली. राखणदार विचित्र नजरेनं बघायला लागला तसा उठलो. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगताना मला रडू आलं. तिनं मला रडू दिलं.

तिसऱ्या वर्षी दादानं त्या सपाटीवर भात लावला. पाणी थांबेना. पावसानं आठ दिवस उघडीप दिली तर रोपं पिवळी पडून झोपली. तो संध्याकाळी बांधावर एकटाच उभा असायचा. मला ते बघून बरं वाटलं. मी ते लपवत नाही.

मग पाडवा आला. ह्या वेळी नारळ मी नेला. मी नको म्हटलं असतं तर दादानं खाचर माझ्याकडे राहू दिलं असतं, त्याची मान तेवढी खाली होती. पण मला रीत पाळायची होती. त्यानं मोडलेल्या वस्तूचा ताबा मला रीतसर घ्यायचा होता आणि त्यानं तो देताना बघायचं होतं. खाचर त्याला गेलं, वरकस मला आलं. वरकस कसलं, उतार कापून केलेला मुरमाचा एक ओटा होता तो, आणि ठेकेदारानं त्याच्या कडेला मोकळा मुरूम लोटून ठेवलेला. त्याच्या बरोबर खाली खाचर.

मी तोवर कंपनीतून निवृत्त झालो होतो. दिवस मोकळे होते. पाडव्यापासून पावसापर्यंत अडीच महिने हातात होते. वर एक चर खणून पाणी बाजूच्या ओहोळाला वळवायचं आणि कडेला दगडी बांध घालायचा, एवढंच काम. दगड तिथंच पडलेले होते, मीच कधीकाळी निवडून लावलेले. हे काम केलं नाही तर काय होईल ते मला जितकं कळत होतं तितकं गावात कुणालाच कळत नव्हतं. बायकोनं दोनदा विचारलं, बांध कधी घालायचा म्हणून. मी म्हणालो, "माझ्या वाट्याला मुरूम आलाय. मुरमात काय करू?"

आषाढात चार दिवस सलग पाऊस झाला. चौथ्या दिवशी सकाळी ओट्याची कड सुटली आणि मुरूम खाली उतरला. दादानं आठ दिवसांपूर्वी लावलेल्या रोपांवर तो पसरत गेला. मी वर छत्री घेऊन बसलो होतो आणि तो जाताना बघत होतो. अर्धं खाचर तांबडं झालं.

दादा आणि वहिनी इरली घेऊन आले. मी भांडणाची वाट बघत होतो, काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. दादा चिखलात उभा राहून वर बघत म्हणाला, "बांध घालायचा व्हता रं."

"तुलाबी येतंय की," मी म्हणालो.

दादा वाकून मुरमाखालचं रोप सोडवू लागला. वहिनी घमेल्यात खडे भरून बांधावर टाकत होत्या, गुडघाभर पाण्यात, एकेक घमेलं. थोड्या वेळानं माझी बायको घरातून आली, मला न विचारता खाली उतरली आणि त्यांच्या शेजारी वाकली. तिघं दिवसभर तिथं होती. मी गेलो नाही. जाता येण्यासारखं होतं, वाट दहा पावलांची होती.

संध्याकाळी ती वर आली तेव्हा तिच्या हातांची सालं निघाली होती. "निम्मंबी निघालं न्हाई," ती म्हणाली. मग हात पुसत विचारलं, "तीन वर्षांनी ह्यात भात कोन लावनार हाय, ह्ये तरी आलं व्हतं का ध्यानात?"

त्या पाडव्यापासून तीन वर्षांनी खाचर माझ्याकडे येणार आहे. त्यातलं दुसरं वर्ष चालू आहे. खाचराच्या वरच्या निम्म्या भागात आता पाणी उभं राहत नाही, दादानं ह्या वर्षी तेवढं पडीक सोडलं आहे. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो की रागाच्या भरात पुढचं सुचलं नाही. बायकोलाही मी तेच सांगितलं. ते खोटं आहे. वर छत्रीखाली बसून पाऊस बघत होतो त्या चारही दिवसांत ते मला ठाऊक होतं.